रहस्यकथा, संशय आणि आम्ही उभयतां

गेल्या पावसाळ्यांत आम्हीं उभयतांनीं पांच कादंबऱ्या व एक कथासंग्रह अशीं सहा पुस्तकें वाचून काढिलीं. सहाही पुस्तकांचा विषय एकच: अपराध आणि त्याचा शोध. आम्ही दोघेंही शिक्षकाच्या पेशांतून निवृत्त झालेलीं. एकाचा विषय गणित, दुसरीचा मराठी. डोळ्यांत मोतीबिंदू उतरूं लागल्यापासून गणिताच्या मास्तरांना रात्रीं बारीक अक्षर वाचवत नाहीं. म्हणून जेवणें आटोपल्यावर मराठीच्या बाईंनीं मोठ्यानें वाचावें व मास्तरांनीं ऐकावें, असा परिपाठ पडला आहे. पुस्तक निम्में झालें म्हणजे वाचन थांबवावयाचें, प्रत्येकानें एका चिठ्ठीवर अपराध्याचें नांव लिहावयाचें, आणि दोन्ही चिठ्ठ्या चष्म्याच्या जुन्या घरांत बंद करून ठेवावयाच्या, असाही एक नियम आम्हीं केला आहे. ह्या सहांपैकीं तीन पुस्तकांच्या वेळीं चिठ्ठ्या टाकतां आल्या. मास्तरांचें अनुमान तिन्ही वेळां चुकलें. बाईंचें एकदां बरोबर आलें. पण तें तर्कानें आलें नसून त्या पात्राचें बोलणें फाजील गोड वाटल्यामुळें आलें, असें त्यांनीं स्वतःच कबूल केलें आहे.

ही घरगुती हकीकत वार्षिकाच्या पानांत मांडण्याचें कारण असें. शाळेच्या ग्रंथालयांत रहस्यकथा ठेवाव्या किंवा नाहीं, ठेवल्यास त्या विद्यार्थ्यांच्या हातीं द्याव्या किंवा नाहीं, हा वाद जुना आहे व तो अजून मिटलेला नाहीं. विरुद्ध पक्षाचे आक्षेप दोन असतात. पहिला, ह्या वाचनांत वेळ व्यर्थ जातो. दुसरा, अपराधांचीं वर्णनें वाचून कोंवळीं मनें बिघडतात. आमच्या मतें हे दोन्ही आक्षेप नेमक्या जागीं लागत नाहींत. रहस्यकथा वाचून चोर झालेला विद्यार्थी आम्हां उभयतांच्या मिळून सत्तर वर्षांच्या नोकरींत आम्हांस एकही भेटला नाहीं. परंतु रहस्यकथा वाचून स्वतःस अचूक समजूं लागलेला एक मनुष्य मात्र आम्हीं जवळून पाहिला आहे. आणि तो विद्यार्थी नसून शिक्षक होता. त्याची हकीकत पुढें येईलच.

आमच्या लहानपणीं हा सर्व रोष बाबूराव अर्नाळकरांवर निघत असे. ह्या एका लेखकानें हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंझार आणि काळापहाड हीं नांवें ज्यानें ऐकलीं नाहींत असा मुलगा त्या काळीं विरळा. पुस्तक वाचनालयांतून दिवसाच्या भाड्यानें आणावयाचें, त्याला भूगोलाचें वेष्टण चढवावयाचें, आणि दुसऱ्या दिवसाचें भाडें चढण्याच्या आंत संपवून परत करावयाचें, अशी ती धांदल असे. भरभर वाचण्याची संवय आम्हांस शाळेनें लावली नाहीं, ती ह्या भाड्यानें लावली. पुढें आमच्यापैकीं एकानें गणितांत व दुसरीनें मराठींत पदवी घेतली. ह्याचें थोडें श्रेय त्या भूगोलाच्या वेष्टणालाही आहे, असें आम्ही आज निःसंकोचपणें म्हणतों.

आतां यंदाच्या पुस्तकांकडे वळूं. आरंभ ॲगाथा ख्रिस्ती ह्या प्रसिद्ध लेखिकेच्या ‘दि मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ ह्या इ. स. १९२६ च्या कादंबरीनें केला. एर्क्यूल पॉइरो हा बेल्जियन गुप्तहेर कामांतून निवृत्त होऊन इंग्लंडांतील एका खेड्यांत भोपळे लावीत बसलेला असतो, आणि शेजारच्या श्रीमंत गृहस्थाचा खून होतो. ह्या पुस्तकाच्या शेवटावर त्या काळीं मोठें काहूर माजलें होतें. लेखिकेनें वाचकास फसविलें, असें कित्येकांचें म्हणणें पडलें. मास्तरांचें मत ह्याच्या अगदीं उलट आहे. पुस्तक संपल्यावर त्यांनीं आरंभींचीं प्रकरणें पुनः वाचून घेतलीं, व जेथें जेथें आपण फसलों तेथें तेथें खरी गोष्ट उघड्यावर ठेवलेलीच होती, असें त्यांस आढळलें. “उदाहरणांत सगळ्या संख्या दिलेल्या होत्या, मींच एक संख्या वाचावयाची विसरलों,” हे त्यांचे शब्द. अपराधी कोण, तें आम्ही येथें सांगणार नाहीं. रहस्यकथेचा शेवट आधीं सांगणारा मनुष्य हाही एक प्रकारचा अपराधीच होय.

ह्याच संदर्भांत रोनाल्ड नॉक्स ह्यांचें स्मरण होतें. हे गृहस्थ कॅथॉलिक धर्मगुरु असून स्वतः रहस्यकथा लिहीत. त्यांनीं इ. स. १९२९ त अशा कथांसाठीं दहा आज्ञाच घालून दिल्या. अपराध्याचा उल्लेख कथेच्या आरंभाच्या भागांत आलाच पाहिजे. भुताखेतांचें साहाय्य घेऊं नये. शास्त्राला ठाऊक नसलेलें विष वापरूं नये. गुप्तहेराला केवळ दैवयोगानें यश मिळूं नये. जो धागा त्याला सांपडेल तो वाचकालाही तत्काळ दाखवावा. असे ते नियम आहेत. मास्तरांना हे नियम फार प्रिय. बाईंचें म्हणणें असें कीं, हे नियम खेळाचे आहेत, व खेळ म्हणून ते उत्तमच आहेत. पण ज्याचा खून झाला त्याच्याविषयीं दोन अश्रु कोणी ढाळावे, असा एकही नियम ह्या दहांत नाहीं. ॲक्रॉइड गेल्याचें दुःख पुस्तकांत कोणाला किती झालें, हें पुस्तक मिटल्यावर आठवून पाहावें, असें त्या सुचवितात. मास्तरांनीं आठवून पाहिलें. त्यांना खोलींतील खुर्चीची जागा बरोबर आठवली.

दुसरें पुस्तक बाईंच्या आवडीचें. सुजाता मॅसी ह्यांची ‘दि विडोज ऑफ मलबार हिल’ ही कादंबरी इ. स. २०१८ त प्रसिद्ध झाली. तिचा मुख्य काळ मात्र इ. स. १९२१ चा, आणि स्थळ मुंबई. पर्वीन मिस्त्री ही पारशी तरुणी कायदा शिकून आपल्या वडिलांच्या कचेरींत काम करते. त्या वेळीं मुंबईच्या न्यायालयांत उभें राहण्याची स्त्रियांना मुभा नव्हती. ती देशांत कायद्यानें मिळाली इ. स. १९२३ त. एक मुसलमान गिरणीमालक वारतो, व त्याच्या तिघी पडदानशीन विधवा आपला सर्व मेहर एका धर्मादाय निधीस देऊन टाकण्याच्या कागदावर सह्या करतात. ह्या सह्या त्यांनीं समजून केल्या कीं त्यांच्याकडून करवून घेतल्या, हें विचारावयास जनान्यांत जाईल कोण? पुरुष वकील पडद्याबाहेरच थांबणार. आंत जाऊन त्या तिघींशीं निरनिराळें बोलूं शकते ती एकटी पर्वीन. ह्या पात्राच्या मागें कॉर्नेलिया सोराबजी ह्यांची प्रेरणा आहे. कॉर्नेलिया ह्यांचा जन्म इ. स. १८६६ त नाशिक येथें झाला; त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकल्या, पुढें ऑक्सफर्डास जाऊन इ. स. १८९२ त त्यांनीं कायद्याची परीक्षा दिली, आणि बंगालकडे पडदानशीन स्त्रियांच्या मिळकतींच्या कामीं त्यांनीं अनेक वर्षें साहाय्य केलें. बाई म्हणतात कीं, ह्या पुस्तकांतील शोध भिंगानें लागत नाहीं, ऐकण्यानें लागतो. जिला आजवर कोणीं कांहीं विचारलेंच नाहीं, तिला विचारावें, आणि ती सांगेल तें मध्येंच न तोडतां ऐकावें, हीच त्यांतील युक्ति. मास्तरांची तक्रार एवढीच कीं, नायिकेच्या पूर्वायुष्याची कथा मधूनमधून येऊन खुनाचा धागा ढिला पडतो. ही तक्रार अगदींच निराधार नाहीं, हें बाईही मान्य करतात.

तिसरें पुस्तकही मुंबईचेंच. पण लिहिणाऱ्यानें मुंबई पाहिलेली नव्हती. एच. आर. एफ. कीटिंग ह्या इंग्रज लेखकानें इन्स्पेक्टर घोटे हें पात्र निर्माण केलें, व इ. स. १९६४ त ‘दि परफेक्ट मर्डर’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तोंपर्यंत त्यानें हिंदुस्थानांत पाऊलही ठेवलें नव्हतें. तरीही ब्रिटनमधील अपराधकथालेखकांच्या संस्थेनें त्या वर्षीं तिला आपली सुवर्ण-कट्यार बहाल केली. ह्यांतील मुंबई कोठें कोठें पाहुण्यासारखी वागते, हें खरें. पण घोटे मात्र आम्हां दोघांनाही घरचा वाटला. तो वरिष्ठांना भितो, मोठ्यांच्या बंगल्यावर गेला म्हणजे त्याचा आवाज खालीं येतो, पुष्कळदां त्याचें चुकतें, आणि रात्रीं त्याला त्या चुकीची टोंचणी लागते. तरीही तो दुसऱ्या दिवशीं उठून पुनः विचारपूस करावयास जातो. मास्तर आरंभीं त्याला ‘ढ’ म्हणाले. चौथ्या रात्रीं त्यांनीं तो शब्द परत घेतला. असें कां झालें, तें त्यांनीं तेव्हां सांगितलें नाहीं.

चौथें पुस्तक जपानी. केइगो हिगाशिनो ह्यांची ‘दि डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ ही कादंबरी मूळ जपानींत इ. स. २००५ त निघाली व तिला नाओकी पारितोषिक मिळालें. हिच्यांत खून कोणीं केला हें वाचकास आरंभींच कळतें. म्हणून चिठ्ठीचें कारण उरलें नाहीं. एक स्त्री आपल्या छळवादी माजी पतीस मारून बसते, आणि शेजारीं राहणारा गणिताचा शिक्षक तिला वांचविण्याचा बेत रचतो. गणिताचा शिक्षक नायक म्हटल्यावर मास्तरांच्या आनंदास पारावार राहिला नाहीं. सोडविण्यास कठिण असें उदाहरण रचणें आणि रचलेलें उदाहरण सोडविणें ह्यांत अधिक अवघड काय, ह्याची त्यांतील चर्चा त्यांनीं दोनदां वाचून घेतली. शेवटल्या रात्रीं मात्र पुस्तक संपल्यावर ते बराच वेळ बोलले नाहींत. शेवट आम्ही सांगत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, गणितांत एखादी संख्या गृहीत धरावी तसा जिवंत मनुष्य गृहीत धरतां येत नाहीं. आणि तो बेत जितका बिनचूक, तितका तो भयंकर, हें वाचकास फार उशिरां उमगतें.

पांचवें पुस्तक फ्रेडरिक फोर्साइथ ह्यांचें ‘दि डे ऑफ दि जॅकल’, इ. स. १९७१ चें. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल ह्यांचा वध करण्यासाठीं एक धंदेवाईक मारेकरी नेमला जातो, व पोलीस त्याच्या मागावर असतात. द गॉल ह्यांना पुढें इ. स. १९७० त घरींच मृत्यु आला, हें सर्वांस ठाऊक. म्हणजे मारेकऱ्यास यश येणार नाहीं हें पहिल्या पानापासून माहीत असतांही वाचकाचा श्वास शेवटच्या पानापर्यंत रोखलेला राहतो. ही करामत आम्हां दोघांनाही मान्य आहे. पण बाईंनीं एका रात्रीं पुस्तक मांडीवर ठेवून विचारलें, “अहो, पोलीस दारापर्यंत आले तेव्हां तो निसटावा असें तुम्हांला वाटलें कीं नाहीं?” वाटलें होतें. बाईंनाही वाटलें होतें. कौशल्याचें इतकें तपशीलवार वर्णन केलें म्हणजे मन नकळत कुशल मनुष्याच्या बाजूस जातें. तो कशांत कुशल आहे ह्याचा विसर पडतो. अशीं पुस्तकें वाचूं नयेत असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र वाचतांना आपलें मन कोणाच्या बाजूस गेलें, हें क्षणभर थांबून पाहावें.

सहावें पुस्तक चेस्टरटन ह्यांचा ‘दि इनोसन्स ऑफ फादर ब्राउन’ हा इ. स. १९११ चा कथासंग्रह. ह्यांतील गुप्तहेर हा एक बुटका, गबाळा धर्मगुरु. शेरलॉक होम्स बुटांवरचा चिखल पाहतो. हा माणसाच्या मनांतला चिखल ओळखतो, कारण तो आपल्याही मनांत आहे हें तो जाणून असतो. ह्यांतल्या एका कथेचा शेवट सांगण्याचा अपराध आम्हांस करावा लागत आहे. वाचकांनीं क्षमा करावी. फ्लांबो नांवाचा नामांकित चोर नाताळच्या दुसऱ्या दिवशीं रात्रीं हिरे लांबवून बागेंतल्या झाडावर चढून बसतो. फादर ब्राउन खालीं उभा राहून त्याच्याशीं बोलतो. पोलिसांची भीति तो त्याला घालीत नाहीं. चोरी तूं केलीस, पण संशय त्या घरांत आलेल्या एका निरपराध तरुणावर जाईल व त्याचें आयुष्य नासेल, ही गोष्ट तो त्याच्यापुढें मांडतो. थोड्या वेळानें झाडावरून हिरे खालीं पडतात.

ही कथा वाचून झाली त्या रात्रीं मास्तरांनीं दिवा मालवूं दिला नाहीं. पुढील हकीकत आमच्या घरांत चाळीस वर्षें अधूनमधून निघत आलेली आहे; ती लिहून काढण्यास मात्र त्यांनीं ह्या वर्षीं प्रथम संमति दिली.

त्या वेळीं मास्तर एका आडगांवीं शाळेंत नवीनच लागले होते. कॉलेजांत असतां त्यांनीं शेरलॉक होम्स सगळा वाचला होता. एस. टी. च्या थांब्यावर उभे राहून हा मनुष्य शिंपी, तो तलाठी, असें ओळखण्याचा त्यांना नाद होता, व पुष्कळदां तें बरोबर येई. एके दिवशीं त्यांच्या वर्गाची परीक्षा-फी, पंच्याऐंशी रुपये, टेबलाच्या खणांतून नाहींशी झाली. मास्तरांनीं आरडाओरड केली नाहीं. त्यांनीं निरीक्षण केलें. मधल्या सुटींत सर्व मुलें बाहेर गेलीं असतां एक मुलगा वर्गांत एकटाच होता, हें दोघांनीं सांगितलें. त्या मुलाच्या पायांत कोऱ्या वहाणा होत्या; आदल्या आठवड्यांत तो अनवाणी येत असे. आणि पैशांचा विषय निघतांच त्यानें मान खालीं घातली, ती वर केली नाहीं. तीन धागे, तिन्ही एकाच दिशेस जाणारे. मास्तरांनीं त्याला सर्व वर्गासमोर उभें केलें, व हे तीन धागे एकामागून एक उलगडून दाखविले. वर्ग स्तब्ध होऊन ऐकत होता. त्या मुलानें एकही शब्द उच्चारला नाहीं. तोही मास्तरांनीं चौथा धागा समजून घेतला.

संध्याकाळीं जेवतांना त्यांनीं ही गोष्ट मोठ्या उत्साहानें घरीं सांगितली. बाईंनीं ऐकून घेतलें आणि वाढतां वाढतां विचारलें, “अहो, मधल्या सुटींत तो एकटा वर्गांत कां बसला होता, हें तुम्हीं त्याला विचारलें काय?” मास्तरांनीं तें विचारलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं तो मुलगा शाळेंत आला नाहीं. पंधरा दिवसांनीं मास्तर जुनें हजेरीपत्रक काढावयास गेले, तों त्याच्या तपकिरी वेष्टणाच्या घडींत पैशांचें पाकीट सांपडलें. तें त्यांनींच तेथें ठेविलें होतें. ते तसेच उठून मुलाच्या घरीं गेले. आई घरीं होती. मधल्या सुटींत तो वर्गांत बसे, कारण त्याच्याजवळ डबा नसे, आणि दुसऱ्यांचे डबे पाहावे लागूं नयेत म्हणून तो बाहेर जात नसे. वहाणा मामानें जत्रेंतून आणून दिल्या होत्या. आणि मान खालीं घालण्याविषयीं ती माउली म्हणाली कीं, मास्तर बोलूं लागले म्हणजे मान खालीं घालावी, असें मींच त्याला शिकविलें आहे. मुलगा मामाकडे कामाला गेला होता. मास्तरांनीं दुसऱ्या दिवशीं वर्गासमोर आपली चूक सांगितली, मामाच्या गांवीं दोन पत्रें टाकलीं, व एकदां स्वतः जाऊनही आले. तोंवर मामाचें बिऱ्हाड दुसरीकडे हललें होतें. तो मुलगा शाळेंत परत आला नाहीं. आज तो कोठें आहे, हें आम्हांस ठाऊक नाहीं.

तेव्हां रहस्यकथेचा खरा धोका कोणता, तें आतां सांगतां येईल. कथेंतील प्रत्येक खुणेला शेवटीं एकच अर्थ उरतो, कारण लेखकानें शेवट आधीं ठरवून मग ती खूण तेथें ठेविलेली असते. संसारांत खुणा कोणी ठेवीत नाहीं. कोऱ्या वहाणांना दहा अर्थ असतात, व त्यांपैकीं नऊ अगदीं निर्दोष असतात. होम्सचें अनुमान खरें ठरतें तें होम्सच्या बुद्धीमुळें नव्हे, कॉनन डॉइल ह्यांच्या लेखणीमुळें. हा भेद न ओळखतां जो वाचतो, त्याला आपला संशय हाच पुरावा वाटूं लागतो.

खुद्द डॉइल ह्यांच्याच चरित्रांत ह्याचें मोठें बोधप्रद उदाहरण आहे. शापुरजी एदलजी नांवाचे मुंबईकडील पारशी गृहस्थ ख्रिस्ती होऊन इंग्लंडांत ग्रेट वायर्ली येथें धर्मगुरु झाले होते. त्यांचा मुलगा जॉर्ज वकील होता. इ. स. १९०३ त त्या भागांत रात्रीं कोणी तरी जनावरांवर शस्त्र चालवूं लागलें, निनावी पत्रें येऊं लागलीं, व त्या गौरेतर कुटुंबावर आधींपासूनच लोकांचा डोळा असल्यामुळें जॉर्जला पकडून सात वर्षांची सक्तमजुरी ठोठावण्यांत आली. तीन वर्षांनीं तो सुटला. पण कलंक गेला नाहीं. त्यानें डॉइल ह्यांस लिहिलें. ते भेटावयास गेले तेव्हां जॉर्ज वर्तमानपत्र डोळ्यांशीं अगदीं जवळ धरून वाचीत होता. डॉइल हे मूळचे डॉक्टर. नेत्ररोगांचा अभ्यास त्यांनीं केलेला. इतक्या अधू दृष्टीचा मनुष्य काळोख्या रात्रीं शेतें व रेल्वेचे रूळ ओलांडून तें कृत्य करून येईल, हें अशक्य, असें त्यांनीं इ. स. १९०७ च्या आरंभीं वर्तमानपत्रांत लेख लिहून जगापुढें मांडलें. त्याच वर्षीं जॉर्जला माफी मिळाली. भरपाई मात्र एक छदामही मिळाली नाहीं. इंग्लंडांत फौजदारी अपिलांचें न्यायालय त्याच वर्षीं स्थापन झालें, त्यासही ह्या प्रकरणाचा हातभार लागला.

येथपर्यंतची गोष्ट बहुतेकांस ठाऊक असते. पुढची कमी जणांस ठाऊक असते. जॉर्जला सोडविल्यावर डॉइल ह्यांनीं खरा अपराधी म्हणून दुसऱ्याच एका तरुणाकडे बोट दाखविलें, आणि त्याविषयीं त्यांची तितकीच खात्री झाली. सरकारला तो पुरावा पुरेसा वाटला नाहीं, व त्या तरुणावर खटला झाला नाहीं. ज्यानें एका निरपराध्यास संशयांतून सोडविलें, त्याच्याच हातून तशाच अपुऱ्या खुणांवर दुसरा मनुष्य संशयांत लोटला गेला. होम्सच्या जनकाची ही स्थिति, तर होम्सच्या वाचकानें किती जपावें!

ही शिकवण केवळ विलायतेची किंवा चाळीस वर्षांपूर्वींच्या एका वर्गाची नव्हे. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांत, साक्री तालुक्यांतील राईनपाडा येथें, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच भिक्षेकऱ्यांना जमावानें ठार मारिलें. मुलें पळविणारी टोळी फिरत आहे अशी वार्ता त्या दिवसांत मोबाईलवरून पसरली होती. हे पांच जण परके होते, आठवड्याच्या बाजारांत आले होते, एवढ्या खुणा जमावाला पुरल्या. तुम्ही कां आलां, कोठून आलां, हें विचारून, उत्तर ऐकून घेण्यास कोणी थांबलें नाहीं. विद्यार्थी मित्रहो, आज प्रत्येकाच्या खिशांत ज्याच्या त्याच्यावर बोट दाखविण्याचें साधन आहे. म्हणून रहस्यकथा वाचावी कीं नाहीं, ह्यापेक्षां ती कशी वाचावी, हा प्रश्न आम्हांस अधिक निकडीचा वाटतो.

आमचें उत्तर असें. रहस्यकथा अवश्य वाचाव्या. पहिल्या नजरेला दिसतें तें खरें नसतें, हा धडा दुसरें कोणतेंही पुस्तक इतक्या गोडीनें देत नाहीं. ज्याच्यावर प्रथम संशय येतो तो बहुधा निर्दोष निघतो, हें शंभर कथांतून वाचलेल्या मुलाला वर्गांतल्या पहिल्या संशयिताविषयींही थोडी सबुरी सुचली पाहिजे. न सुचली तर वाचन फुकट गेलें. पुस्तक मिटतांना तीन प्रश्न मनाला विचारावे. लेखकानें आपल्याशीं सरळपणानें व्यवहार केला काय? हा मास्तरांचा प्रश्न. जो मेला त्याचें नांव आपल्या लक्षांत राहिलें काय? हा बाईंचा. आणि, शोध करणाऱ्याला आपण चुकूं अशी भीति क्षणभर तरी वाटली काय? हा आम्हां दोघांचा. इन्स्पेक्टर घोटेला दिलेलें विशेषण मास्तरांनीं परत कां घेतलें, तें आतां वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल.

चिठ्ठ्यांचा नियम चालूच आहे. फक्त त्यांत एक दुरुस्ती बाईंनीं सुचविली व ती मंजूर झाली. अपराध्याचें नांव लिहिल्यावर त्याच्या खालीं आणखी एक ओळ लिहावयाची: हा मनुष्य निर्दोष असल्यास ह्या सर्व खुणांचा अर्थ काय होईल? नांव लिहावयास अर्धा मिनिट पुरतो. ह्या ओळीला मात्र वेळ लागतो. परवां सुरू केलेल्या नव्या पुस्तकाच्या वेळीं मास्तर पेन्सिल हातांत धरून इतका वेळ विचार करीत बसले कीं, त्या रात्रीं वाचन पुढें सरकलेंच नाहीं.